ग्रँटच्या मतदानात उतरताना: आधी मोजणी वाचा, मग प्रस्ताव

महिन्यातल्या एका रविवारी सकाळी आम्ही पाच-सहा जण पुण्यात कर्वेनगरला एका मित्राच्या गच्चीवर लॅपटॉप घेऊन बसतो. शेजारच्या काकांची पक्की समजूत आहे की आम्ही बिटकॉइनवर सट्टा खेळतो. प्रत्यक्षात त्या दोन-तीन तासांत कोणी काही घेत नाही की विकत नाही. कुठल्यातरी ब्लॉकचेनच्या (व्यवहारांच्या सामायिक डिजिटल नोंदवहीच्या, जिला साखळीही म्हणतात) तिजोरीतून सॉफ्टवेअर लिहिणाऱ्यांना, दस्तऐवज तयार करणाऱ्यांना, भाषांतर करणाऱ्यांना पैसे, म्हणजे ग्रँट, द्यायची की नाही, यावर मतदान चालू असतं. आमच्यापैकी काहींकडे त्या साखळीचे टोकन, म्हणजे तिची डिजिटल नाणी, थोडेफार आहेत, म्हणून मताचा अधिकार आहे, आणि मत द्यायचं म्हणून आधी प्रस्ताव वाचायचे असतात. पोहे येईपर्यंत दोन वाचून होतात. तिसऱ्यावर भांडण होतं.

हा लेख टोकन विकत घ्या असं सांगण्यासाठी नाही. तुमच्याकडे आधीच काही टोकन आहेत, किंवा तुम्ही अशा कामात डेव्हलपर म्हणून आहात, आणि 'ग्रँटसाठी मतदान सुरू' असं काही समोर आलं की गोंधळायला होतं, त्यांच्यासाठी आहे. मी स्वतः चार वर्षं हे करतोय आणि सुरुवातीला बऱ्याच चुका केल्या. त्यातली एक पुढे येईलच.

तिजोरीत पैसा येतो कुठून?

हा प्रश्न आधी, कारण ज्याचा पैसा त्याचा आवाज, हे इथेही थोडंफार खरं आहे.

काही नाण्यांत तिजोरी नियमातच लिहिलेली असते. डॅशने २०१५ पासून नव्या नाण्यांचा १० टक्के भाग बाजूला काढायला सुरुवात केली आणि त्यातून दर महिन्याला मंजूर प्रस्तावांना पैसे जाऊ लागले. झीकॅशमध्ये नोव्हेंबर २०२० पासून प्रत्येक नव्या ब्लॉकच्या (साखळीत जोडल्या जाणाऱ्या व्यवहारांच्या गठ्ठ्याच्या) बक्षिसातला २० टक्के वाटा विकासासाठी ठेवला गेला. त्यातला ७ टक्के मूळ कंपनीकडे, ५ टक्के फाउंडेशनकडे आणि ८ टक्के ग्रँटसाठी. कार्डानोत आणि पोल्काडॉटमध्येही नेटवर्कची स्वतःची ट्रेझरी, म्हणजे तिजोरी, आहे. दुसरीकडे मोनेरोसारख्या ठिकाणी ट्रेझरीच नाही. डेव्हलपर आपलं काम आणि अपेक्षित रक्कम मांडतो, लोकांना पटलं तर ते देणगी देतात.

देणगीचा मार्ग जास्त स्वच्छ वाटतो, पण देणगीची पेटी कोणाच्या तरी हातात असतेच. सप्टेंबर २०२३ मध्ये मोनेरोच्या सामुदायिक निधीचं वॉलेट (नाणी ठेवायचं डिजिटल पाकीट) कोणीतरी रिकामं केलं, २,६७५ हून अधिक मोनेरो गेले. किल्ली अगदी मोजक्या माणसांकडे होती. तेव्हा पैसा कुठून येतो याबरोबर किल्ली कोणाकडे आहे हेही विचारा. एका माणसाकडे आहे, की पाचांपैकी तिघांच्या सह्या लागतात? गणपती मंडळाच्या खात्यावर अध्यक्ष आणि खजिनदार अशा दोन सह्या लागतात, त्यातलाच हा प्रकार.

मोजणीची रीत

इथे जरा थांबा, कारण माझ्या मते बाकी सगळ्यापेक्षा हे महत्त्वाचं. बहुतेक नवे लोक थेट प्रस्ताव वाचायला घेतात. प्रस्ताव कितीही चांगला असो, मतं कशी मोजणार हे माहीत नसेल तर आपलं मत कशाला लागणार हेच कळत नाही.

पुण्यातल्या माणसाला हे समजवायला गृहनिर्माण सोसायटी पुरते. सहकारी गृहनिर्माण संस्थेत एका सभासदाला एक मत. तुमचा वन बीएचके असो की वरचा डुप्लेक्स. पण तुमची इमारत १९७० च्या महाराष्ट्र अपार्टमेंट मालकी कायद्याखाली असेल, तर मताचं वजन तुमच्या अविभाज्य हिश्श्याच्या टक्केवारीवर ठरतं. डुप्लेक्सवाल्याचं मत भारी. एकाच रस्त्यावरच्या दोन इमारती, पण लिफ्ट बदलायची की नाही याचा निकाल दोन तऱ्हेने लागू शकतो.

क्रिप्टोमधली बहुतेक मतदानं दुसऱ्या इमारतीसारखी असतात: जितके टोकन तितकी मतं. कार्डानोच्या ग्रँट-फेऱ्यांत, म्हणजे प्रोजेक्ट कॅटॅलिस्टमध्ये, तुमच्या वॉलेटमधल्या अडावर (कार्डानोच्या नाण्यावर) मताचं वजन ठरतं. डॅशमध्ये तर सामान्य धारकाला मत नाहीच. १,००० डॅश अडकवून जो मास्टरनोड (नेटवर्क चालवणारा खास संगणक) चालवतो त्याला मत. तिथे प्रस्ताव मंजूर व्हायला होकारातून नकार वजा करून उरलेला आकडा एकूण मास्टरनोडच्या १० टक्क्यांपर्यंत पोचावा लागतो. म्हणजे नुसता बहुमताचा प्रश्न नाही, उदासीनतेचाही आहे. कोणी आलंच नाही तर चांगला प्रस्तावही पडतो.

पोल्काडॉटने यात एक वेगळी खुबी घातली आहे. टोकन किती काळ अडकवून ठेवायची तुमची तयारी आहे, त्यावर मताचा गुणाकार. अजिबात अडकवले नाहीत तर मत एक दशांश धरतात. सात दिवस अडकवले तर एकपट, चौदा दिवसांना दुप्पट, अठ्ठावीसला तिप्पट, असं करत २२४ दिवसांना सहापट. कल्पना सरळ आहे: निर्णय चुकला तर त्याचे परिणाम भोगायला तुम्ही तिथे असाल, मग तुमचं बोलणं जास्त ऐकू. मला ही रीत आवडते. पण पहिल्याच मतदानात उत्साहाच्या भरात सहापट दाबू नका. लग्नकार्यात पैसे लागले आणि टोकन मार्चपर्यंत कुलपात, असं आमच्या गच्चीवरच्या एकाचं झालं आहे.

काही ठिकाणी आधी माणसं निवडतात आणि मग ती माणसं पैसे वाटतात. झीकॅशच्या ग्रँटसाठी पाच जणांची समिती असते आणि तिला समाजातलं एक सल्लागार मंडळ निवडून देतं. ऑप्टिमिझम नावाच्या नेटवर्कमध्ये आणखी वेगळं: काम आधी झालेलं असतं आणि त्याचा उपयोग झाला असं दिसलं की मागाहून बक्षीस. २०२३ च्या सुरुवातीच्या दुसऱ्या फेरीत त्यांनी एक कोटी ओपी टोकन वाटले आणि वर्षअखेरीच्या तिसऱ्या फेरीत तीन कोटी. त्या फेऱ्यांत निवडक 'बॅजधारकांनी' मत दिलं, त्यांच्या खिशात किती टोकन आहेत याचा त्या मताशी संबंध नव्हता.

आता राहिली सगळ्यात गमतीची रीत, वर्गमूळाची. विटालिक ब्युटेरिन, झोई हिट्झिग आणि ग्लेन वेल यांनी २०१८ मध्ये ही मांडली, आणि गिटकॉइन या ग्रँटच्या व्यासपीठाने २०१९ पासून तिच्यावर फेऱ्या चालवल्या. यात लोक थोडीथोडी देणगी देतात आणि एका मोठ्या निधीतून त्यावर भर पडते. भर किती पडणार हे रकमेपेक्षा माणसांच्या संख्येवर जास्त अवलंबून असतं. सूत्र असं: प्रत्येक देणगीचं वर्गमूळ काढा, सगळी वर्गमुळं मिळवा, आलेल्या बेरजेचा वर्ग करा, त्यातून प्रत्यक्ष जमलेली देणगी वजा करा. उरते ती भर.

कागद-पेन घ्या, कारण हे डोक्यात बसायला एकदा हाताने करावं लागतं. समजा तीन कामं आहेत.

पहिल्या कामाला २५ जणांनी प्रत्येकी १०० रुपये दिले. जमले २,५००. शंभराचं वर्गमूळ १०. पंचवीस वेळा मिळवलं की २५०. त्याचा वर्ग ६२,५००. त्यातून २,५०० वजा, भर ६०,०००.

दुसऱ्याला चौघांनी प्रत्येकी ९०० दिले. जमले ३,६००, म्हणजे पहिल्यापेक्षा जास्त. वर्गमूळ ३०, चार वेळा १२०, वर्ग १४,४००. भर १०,८००.

तिसऱ्याला एकाच माणसाने २,५०० दिले. वर्गमूळ ५०, वर्ग २,५००, वजा २,५००. भर शून्य.

एकूण भर झाली ७०,८००. निधीत आहेत समजा ३५,४००. मग सगळ्यांना निम्म्याने: पहिल्याला ३०,०००, दुसऱ्याला ५,४००, तिसऱ्याला काही नाही. एकटा श्रीमंत माणूस आपल्या लाडक्या कामाला कितीही पैसे देऊ शकतो, पण सामायिक निधी त्याच्यामागे जात नाही. पेठेतल्या मंडळाला कोपऱ्यावरच्या ज्वेलर्सने एकरकमी दिलेले अकरा हजार आणि वाड्यावाड्यातून पावत्या फाडून जमवलेले अकरा हजार यांत फरक आहे, हे कार्यकर्त्याला सूत्राशिवायही कळतं.

पण मग तिसऱ्या कामाच्या दात्याने काय केलं? त्याने २५ वॉलेटं उघडली आणि प्रत्येकातून १०० रुपये पाठवले. खिशातून गेले तेवढेच, भर मात्र पहिल्या कामाइतकी, ६०,०००. एका घरातून पंचवीस पावत्या. याला सिबिल हल्ला म्हणतात (बँकेच्या सिबिल स्कोअरशी काही संबंध नाही, आणि तरी पहिल्यांदा ऐकल्यावर आमच्यातल्या एकाने आपलं कर्जखातं तपासलं होतं). म्हणून वर्गमूळाच्या फेरीत माणूस खरा आहे हे सिद्ध करायला सांगतात. गिटकॉइनने त्यासाठी पासपोर्ट नावाची सोय काढली. तुमची जुनी खाती, वॉलेटचा वापर अशा खुणा गोळा करून एक गुणांक तयार होतो. तो आधी करून ठेवा. शेवटच्या दिवशी केलात तर तुमचे शंभर रुपये पोचतील, पण भरेच्या हिशेबात धरले जाणार नाहीत.

तेव्हा पहिली पायरी ही: नियमांच्या पानावर जाऊन एका ओळीत लिहून काढा, 'इथे माझं मत कसं मोजतात'. ती ओळ लिहिता आली नाही तर त्या फेरीत मत देऊ नका, नुसतं बघा.

वॉलेटची तयारी

टोकन एक्स्चेंजवर (नाणी घेण्या-विकण्याच्या ऑनलाइन बाजारावर) पडलेले असतील तर तिथून बहुतेक वेळा मत देता येत नाही, कारण साखळीच्या नोंदीत ते एक्स्चेंजच्या पत्त्यावर आहेत. स्वतःच्या वॉलेटमध्ये आणावे लागतात. ते मतदान सुरू व्हायच्या बरंच आधी करा. अनेक ठिकाणी एका ठरावीक ब्लॉकला 'फोटो' काढतात, त्याला स्नॅपशॉट म्हणतात, आणि त्या क्षणी वॉलेटमध्ये जेवढे टोकन तेवढंच वजन. नंतर लाखभर आणले तरी उपयोग नाही. कॅटॅलिस्टमध्ये त्याआधी नोंदणीही करावी लागते.

मतदानासाठी वेगळं वॉलेट ठेवा. मोठी रक्कम असलेल्या वॉलेटने दर आठवड्याला नवनव्या ठिकाणी सह्या करणं म्हणजे घराची किल्ली पार्किंगमध्ये लटकवून ठेवण्यासारखं. सीड फ्रेजचे, म्हणजे वॉलेट पुन्हा उघडायला लागणारे, बारा किंवा चोवीस गुप्त शब्द वहीत लिहा, फोटो काढू नका, आणि मदत करतो म्हणून कोणी ते मागितले तर तो चोर आहे हे धरूनच चाला.

सही करताना समोर एक चौकट उघडते. ती वाचायची सवय लावा. स्नॅपशॉट नावाच्या व्यासपीठावर मत देताना फक्त संदेशावर सही होते. गॅस, म्हणजे व्यवहार शुल्क, लागत नाही, पैसे हलत नाहीत. तिथल्या चौकटीत प्रस्तावाचा क्रमांक, तुमची निवड आणि वेळ असं दिसतं. त्याऐवजी 'अप्रूव्ह' दिसलं, एखादा अनोळखी पत्ता आणि 'अमर्याद' रक्कम दिसली, तर ते मत नाही. कोणीतरी तुमचे टोकन उचलायची परवानगी मागतोय. बंद करा, पान बंद करा, आणि तुम्ही त्या पानावर कुठल्या लिंकवरून आलात ते आठवा. बहुधा ती कोणाच्या तरी प्रतिक्रियेतून आलेली असते. खरं मतदान ज्या पानावर आहे तो पत्ता एकदा हाताने टाइप करून बुकमार्क करून ठेवा.

पोल्काडॉटसारखं मतदान थेट साखळीवर होतं, तिथे व्यवहार शुल्क लागतं आणि टोकन कुलपात जातात. दोन्हींतला फरक कळला की निम्मी भीती जाते.

प्रस्ताव वाचणं

एका प्रस्तावाला आम्ही पंचवीस मिनिटं देतो. पहिली पाच मिनिटं प्रस्तावनेवर घालवत नाही, सरळ बजेटवर जातो. प्रस्तावना सगळ्यांच्याच चांगल्या असतात.

बजेटात ओळी किती आहेत बघा. 'विकास: ४०,००० डॉलर' अशी एकच ओळ असेल तर प्रश्न विचारा: किती माणसं, किती आठवडे, कुठला दर? मागच्या वर्षी आमच्यासमोर एक प्रस्ताव होता, एका वॉलेटचा चेहरामोहरा मराठी, तमिळ आणि बंगालीत आणायचा. पहिल्या नजरेत सगळ्यांनी माना डोलावल्या. मराठी म्हटल्यावर हात आपोआप होकाराकडे जातो. मग कोणीतरी मूळ कोड उघडला. भाषांतर करायच्या ओळी साधारण नऊशे. तीन भाषा, म्हणजे सत्तावीसशे ओळी. भाषांतर आणि तपासणी मिळून एका चांगल्या माणसाचं फार तर सहा आठवड्यांचं काम. बजेटात सहा महिने धरले होते आणि एकूण रकमेच्या जवळपास निम्मा भाग 'जनजागृती' या एका शब्दाखाली होता. आम्ही नकार दिला नाही. विचारलं, की जनजागृती काढून फक्त भाषांतर आणि पुढच्या वर्षाची देखभाल एवढंच मागता का? त्यांनी सुधारून टाकलं आणि ते मंजूर झालं. प्रश्न विचारण्याचा उपयोग मतापेक्षा जास्त होतो, हे मला तिथे कळलं.

देखभाल हा शब्द मुद्दाम वापरला. सॉफ्टवेअर एकदा लिहून संपत नाही. वॉलेटची पुढची आवृत्ती आली की नव्या ओळी येतात, जुन्या बदलतात. प्रस्तावात 'नंतर कोण बघणार' याचं उत्तर नसेल तर ते रस्ता खोदून केबल टाकल्यासारखं होतं. काम झालं, खड्डा कोणाचा हे कोणालाच माहीत नाही.

रक्कम कशात मागितली आहे तेही बघा. प्रस्ताव दहा हजार टोकन मागतो, मंजुरीला दोन महिने लागतात, तोवर भाव निम्मा. मग डेव्हलपर म्हणतो, खर्च भागत नाही, वाढवून द्या. किंवा भाव दुप्पट होतो आणि तो गप्प बसतो. डॉलरमध्ये रक्कम ठरवून देताना त्या दिवसाच्या भावाने टोकन द्यायचे, किंवा सरळ स्थिर नाण्यात (ज्याचा भाव डॉलरला बांधलेला असतो) द्यायचे, असं लिहिलेलं असलं की हा वाद होत नाही.

पैसे टप्प्याटप्प्याने की एकदम? शंभर टक्के आगाऊ मागणाऱ्याला आम्ही जवळजवळ नेहमीच नकार देतो. अपवाद फक्त आधीच झालेल्या कामाचा. टप्पा म्हणजेही काय ते तपासा. 'दुसरा टप्पा: प्रगती ७० टक्के' हा टप्पा नव्हे. 'दुसरा टप्पा: अमुक कोड सार्वजनिक, त्याच्या चाचण्या पास, आणि कोणालाही चालवून बघता येईल अशी सूचना' हा टप्पा.

मग माणूस. त्याचं किंवा टीमचं आधीचं काम उघडून बघा. तारखा बघा, गेल्या दोन वर्षांत सलग काही लिहिलंय, की प्रस्तावाच्या आदल्या आठवड्यातच खातं जागं झालंय? आधी कुठली ग्रँट घेतली होती का, आणि तिचा अहवाल आहे का? बऱ्याच प्रस्तावांत तोच मजकूर तीन वेगवेगळ्या साखळ्यांच्या ट्रेझरीत टाकलेला असतो, फक्त नाण्याचं नाव बदलून. दोन ठिकाणी मागणं गैर नाही. ते न सांगणं गैर आहे.

आता माझी चूक. दुसऱ्याच वर्षी एका ओळखीच्या मुलाने प्रस्ताव टाकला. आम्ही एकाच कॉलेजचे, तो मला दादा म्हणायचा. मी बजेट वाचलंच नाही. होकार दिला, वर इतर चौघांना फोन करून सांगितलं, 'पोरगा चांगला आहे, दे.' पहिला टप्पा झाला. दुसरा कधी आलाच नाही. मुलगा वाईट नव्हता. त्याला नोकरी लागली, वेळ मिळेना, आणि ते कबूल करायला तो लाजला. पण ज्या तिजोरीतून ते गेलं तिच्याशी माझं नातं त्याच्याशी असलेल्या नात्याइतकं जवळचं नव्हतं, म्हणून मीही पाठपुरावा केला नाही. तेव्हापासून आमच्यात नियम आहे: प्रस्तावक ओळखीचा असेल तर आधी सांगायचं, आणि मत द्यायचं नाही. ओळखीच्या माणसाला मदत करायची असेल तर त्याचा मसुदा आधी वाचून द्या, ती जास्त मोठी मदत.

मतदानाचा आठवडा

पहिल्याच दिवशी मत देऊन मोकळे होऊ नका, आणि शेवटच्या तासावरही ठेवू नका. मधल्या दिवसांत प्रश्नोत्तरं होतात, आकडे सुधारले जातात. पण शेवटचा दिवस मात्र बघा, कारण मोठी मतं तेव्हा येतात.

जुलै २०२४ मध्ये कंपाउंड या क्रिप्टो कर्जाच्या व्यासपीठावर २८९ क्रमांकाचा प्रस्ताव आला: ४,९९,००० कॉम्प टोकन, तेव्हाच्या भावाने सुमारे २.४ कोटी डॉलर, प्रस्ताव आणणाऱ्या गटाने उभ्या केलेल्या एका योजनेत गुंतवायचे. अशाच मागण्या आधी पडल्या होत्या. या वेळी होकार ६,८२,१९१, नकार ६,३३,६३६. मंजूर. पुढे गदारोळ झाला, तडजोड झाली आणि प्रस्ताव मागे घेतला गेला, पण जे कित्येक धारक 'पडेलच की' म्हणून बसून राहिले त्यांना धडकी भरली.

त्याहून वाईट एप्रिल २०२२ मध्ये बीनस्टॉक या स्थिर नाण्याच्या प्रकल्पाचं. एकाने युक्रेनला मदत देण्याच्या प्रस्तावाबरोबर तिजोरी रिकामी करणारा प्रस्ताव टाकला, मग एकाच व्यवहारात प्रचंड कर्ज उचललं, त्यातून मतं मिळवली, मंजुरी दिली, पैसे काढले आणि कर्ज फेडलं. फटका सुमारे १८ कोटी डॉलरचा. मताचं वजन त्याच क्षणीच्या शिलकीवर मोजत होते, म्हणून हे जमलं. वर स्नॅपशॉटबद्दल सांगितलं ते आठवा. आधीच्या ब्लॉकचा फोटो असता तर उसनी मतं चालली नसती. आणि मंजुरी व अंमलबजावणी यांत काही दिवसांचं अंतर असतं तर कोणीतरी थांबवू शकलं असतं. अंतर आहे का, हे नियमांत शोधा.

तुम्हाला दर आठवड्याला वेळ नसेल तर डेलिगेट नेमता येतो: टोकन तुमच्याकडेच राहतात, मताचं वजन दुसऱ्याला. डेलिगेट निवडताना त्याने किती वेळा मत दिलं यापेक्षा किती वेळा नकार दिला आणि का, ते वाचा. सगळ्यालाच होकार देणारा माणूस लोकप्रिय असतो, उपयोगाचा नसतो. अधूनमधून तपासत राहा. नेमणूक काढून घ्यायला एक सही पुरते.

आणखी एक. मत मागतायत की संमतीचा ठप्पा, हेही ओळखायला शिका. २०२३ च्या वसंतात आर्बिट्रम या नेटवर्कच्या पहिल्या प्रस्तावात ७५ कोटी एआरबी टोकन फाउंडेशनकडे द्यायचे होते, त्यातून ग्रँटही. मतदान चालू असतानाच लक्षात आलं की त्यातले काही टोकन आधीच हलले आहेत. फाउंडेशनचं म्हणणं, हा निर्णय आधीच झालेला, मतदान फक्त शिक्कामोर्तबाचं. लोक भडकले आणि प्रस्ताव तोडून पुन्हा मांडावा लागला. आपल्या पुणे महापालिकेने २००६ पासून सहभागी अंदाजपत्रक सुरू केलंय. क्षेत्रीय कार्यालयात अर्ज भरून आपण काम सुचवतो, निवड मात्र तिकडे होते. ते सुचवणं आहे हे अर्जावरच कळतं, म्हणून फसल्यासारखं वाटत नाही. मतदान म्हणून सांगून सुचवणं देणं, तिथे चीड येते.

मत दिल्यानंतर

आमची एक साधी शीट आहे. प्रस्ताव, आमचं मत, एका वाक्यात कारण, पुढच्या टप्प्याची तारीख, आणि शेवटचा रकाना: झालं का? तारीख आली की ज्याची पाळी तो जाऊन बघतो आणि सार्वजनिक ठिकाणी सभ्य शब्दांत विचारतो. मोठ्या आकड्यांनाही हेच लागतं. २०२१ मध्ये युनिस्वॅप या टोकन अदलाबदलीच्या व्यासपीठाच्या धारकांनी धोरणविषयक कामासाठी दहा लाख युनि टोकन मंजूर केले. प्रस्तावात चार-पाच वर्षांच्या खर्चाची भाषा होती. काही आठवड्यांतच त्यातले निम्मे विकले गेले, सुमारे एक कोटी डॉलरला. विकणं कदाचित शहाणपणाचंच असेल, पण कधी आणि कसं विकणार हे मंजुरीच्या वेळी कोणी विचारलं नव्हतं.

कराचं थोडक्यात. भारतात एप्रिल २०२२ पासून अशा मालमत्तेच्या नफ्यावर ३० टक्के कर आहे, तोटा दुसऱ्या कशातून वजा होत नाही, आणि १ जुलै २०२२ पासून व्यवहारावर १ टक्का टीडीएस. नुसत्या सहीच्या मतदानाला काही लागत नाही. पण देणगी म्हणून टोकन पाठवले तर ते हस्तांतरण धरलं जाऊ शकतं, आणि तुम्हालाच ग्रँट मिळाली तर मिळाल्या दिवसाचा भाव, व्यवहाराचा क्रमांक आणि करार तिन्ही जपून ठेवा. सीए गाठताना हे विषय हाताळणारा गाठा. आमच्या पहिल्या सीएंनी शांतपणे ऐकून घेतलं आणि 'लॉटरी ना?' असं विचारलं.

पहिला महिना

पहिल्या महिन्यात वॉलेट उघडूच नका. चालू असलेली एखादी फेरी निवडा, तीन प्रस्ताव छापून घ्या, दोघा-तिघांना बोलवा आणि कागदावर मत द्या. मोजणीही त्यांच्याच नियमाने करा. मग निकाल लागला की ताडून बघा.

आम्ही पहिल्यांदा हे केलं तेव्हा कागदावर पहिला आलेला प्रस्ताव प्रत्यक्षात पडला, आणि आम्ही कोणी धड वाचलाही नव्हता तो मंजूर झाला. मतदारांची यादी उघडली तर निम्म्याहून जास्त वजन तीन पत्त्यांचं. त्यातल्या दोघांनी मतासोबत कारण लिहिलं होतं, सहा-सात ओळी. त्या वाचून झाल्यावर आमच्यातल्या एकाने पेन घेतलं आणि आपल्या कागदावरचं मत खोडून बदललं.